सोलापुरात किट विमानासाठी घरचं वर्कशॉप: पेटी यायच्या आधीची तयारी

किट विमान म्हणजे कंपनीकडून सुटे भाग मागवून स्वतः जोडायचं विमान. त्या किटची पहिली पेटी दारात उतरेल तेव्हा टेबलं उभी, हवेची लाइन तपासलेली आणि दिवे लागलेले हवेत. पेटी आल्यावर जागा लावू, असं म्हटलं की सुटे भाग आधी पलंगाखाली जातात, मग माळ्यावर, आणि सहा महिन्यांनी कुठला ब्रॅकेट कुठे ठेवला हे घरात कुणालाच सांगता येत नाही. खालचं सगळं ॲल्युमिनियम पत्र्याच्या किटसाठी आहे: व्हॅन्सची आरव्ही मालिका, झेनिथ, सोनेक्स या प्रकारची. फायबर-इपॉक्सीचं किट सोलापूरच्या उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीशिवाय हातात घेऊ नये. चाळीस अंशांत कालवलेली इपॉक्सी ब्रशवर येण्याआधी डब्यातच तापून घट्ट होते.

जागेच्याही आधी कागद. नोंदणी कुठल्या वर्गात होईल, कोणत्या टप्प्याला तपासणी लागेल, आतली बाजू बंद करण्याआधी कुणी बघायला हवं, याची उत्तरं ऑर्डर देण्यापूर्वी डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) लेखी घ्या. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं, पण नोंदणी हाती यायला २०१७ उजाडलं. म्हणून पहिल्या रिव्हेटपासून (रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारी धातूची खिळी) तारखेसह फोटो आणि एक पक्की वही ठेवा. वहीत तारीख, भागाचा नंबर, काय केलं आणि मापं, एवढं पुरे. विशेषतः जे नंतर पत्र्याआड जाणार आहे त्याचा फोटो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जागा किती आणि कुठली

आरव्ही-७ चा पंखविस्तार २५ फूट आणि लांबी साधारण २० फूट. हे आकडे ऐकून लोक दचकतात, पण दोन्ही पंख वेगवेगळे बनतात आणि एकेक पंख अकरा-बारा फुटांचा असतो. १२ बाय २० फुटांच्या खोलीत शेपूट आणि पंख आरामात होतात. धड आणि तयार पंख एकाच वेळी ठेवायचे तर १४ बाय २४ तरी हवी आणि भिंतीला पंख उभे टेकवायचा स्टँड हवा. पंख धडाला कायमचे जोडून बघण्याचं काम घरी करायचंच नसतं, ते धावपट्टीजवळ. होटगी रोडच्या विमानतळावर आपल्याला जागा मिळेलच असं धरून चालू नका. शेवटची जोडणी कुठे होणार हेही आत्ताच विचारून ठेवा.

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या बंगल्याचं पार्किंग ही एक सोय. दुसरी, जी दुसऱ्या गावांत सहसा मिळत नाही, ती म्हणजे बंद पडलेली मागाची शेड. उंची मिळते, थ्री-फेज लाइन आधीच असते, आवाजाची शेजाऱ्यांना सवय असते. पण भाड्याने घेण्याआधी तीन गोष्टी बघा. शेजारच्या शेडमध्ये माग चालू असतील तर सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत तरंगतात आणि ओल्या प्रायमरवर बसतात. मग प्रत्येक भाग पॉलिश पेपरने घासून पुन्हा करावा लागतो. जमीन वर्षानुवर्षं तेल प्यायलेली असेल तर तिच्यावर ठेवलेला भाग उचलला की तेलाचा पातळ थर सोबत येतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. अशा जमिनीवर जाड कोबा तरी करा, नाहीतर ती डिग्रीजरने धुवून इपॉक्सीचा थर द्या. आणि छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असं समजा. दिव्याच्या हुकासाठी त्याला भोक पाडू नका, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीला क्लॅम्प लावा.

सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम न भरता टाकलेला कोबा किंवा शहाबादी फरशी वर्षभरात हलते. नेहमीच्या घरकामाला ते चालून जातं, पण पंख जुळवताना टोकाचे दोन-तीन मिलिमीटर म्हणजे पंखाला आलेला पीळ. यावर उपाय फार अवघड नाही. जमिनीला न जोडलेली, स्वतःचे लेव्हलिंग बोल्ट असलेली टेबलं आणि स्टँड वापरायचे. भिंतीवर चारी बाजूंना एकाच उंचीच्या खुणा मारायच्या, गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुन्हा ऑक्टोबरात त्या खुणांवरून सगळं तपासायचं. लेझर लेव्हल असली तरी नळी ठेवा. पाणी खोटं बोलत नाही. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही हे बघून घ्या.

टेबल

विमान सरळ होणार की नाही हे टेबल ठरवतं, म्हणून इथे घाई करू नये. एका मोठ्या टेबलापेक्षा दोन लहान बरी: प्रत्येकी २ बाय ५ फूट. शेजारी लावली की ४ बाय ५, टोकाला टोक लावलं की २ बाय १०, मध्ये फट ठेवली की लांब पत्रा दोन्हीवर टेकतो आणि खालून हात घालता येतो. ८ बाय ४ च्या १८ मिलिमीटर एमडीएफच्या एका शीटमधून दोन्ही टेबलांचे माथे निघतात, उरलेल्या ३ बाय ४ मध्ये खालचे कप्पे. प्लायपेक्षा एमडीएफ सपाट असतो, पण पाणी लागलं की कडा फुगतात. कापलेल्या कडांना आणि खालच्या बाजूलाही सीलर मारा. खालची बाजू लोक विसरतात, मग पावसाळ्यात माथा वाटीसारखा वाकतो.

सांगाडा ४० बाय ४० च्या २ मिलिमीटर चौकोनी पाइपचा. फॅब्रिकेशनवाल्याला आधीच सांगा की आधी चारही कोपरे टॅक करायचे (वेल्डचा एकेक ठिपका देऊन तात्पुरते धरायचे), कर्ण मोजायचे, आणि दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच पूर्ण वेल्डिंग करायचं. नाहीतर वेल्ड थंड होताना फ्रेम ओढली जाते आणि मग गुनिया लावून उपयोग नसतो. उंची कोपराच्या किंचित खाली, बहुतेकांना ३४ ते ३६ इंच. चाकं हवीत, पण ब्रेकची, निदान ४ इंची. लहान चाक शहाबादीच्या सांध्यात अडकतं. चाकांच्या शेजारी एम-१२ चे लेव्हलिंग बोल्ट लावा, म्हणजे काम करताना टेबल चाकांवर नाही तर बोल्टवर उभं राहील.

आता पीळ तपासायचा. टेबलाच्या दोन्ही टोकांना आडव्या अशा दोन सरळ ॲल्युमिनियम पट्ट्या ठेवा, डोळा पट्टीच्या रेषेत आणा आणि जवळच्या पट्टीवरून लांबच्या पट्टीकडे बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक कोपरा वर दिसला तर त्याच्या समोरच्या कर्णावरचा बोल्ट फिरवा, माथा ठोकत बसू नका. पिळलेल्या टेबलावर बनलेला एलिव्हेटर (शेपटीचा हलता भाग) किंवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) रिव्हेट झाल्यावर तोच पीळ कायमचा धरून बसतो. असं विमान हवेत सतत एका बाजूला झुकतं आणि त्याचं कारण नंतर शोधताना हैराण व्हायला होतं.

टेबलावर सोलापुरी चादर अंथरायचा मोह होईल. अंथरू नका. ड्रिलचा चुरा तिच्या विणीत रुततो आणि पुढचा पत्रा सरकवताच त्याला लांब ओरखडा पडतो. चादरी धुऊन तयार भाग गुंडाळायला ठेवा, त्यासाठी त्यांच्यासारखं काही नाही. टेबलावर उघडा एमडीएफ आणि हाताशी ब्रश.

हवा आणि वीज

रिव्हेट गन फार हवा खात नाही, एअर ड्रिल खातं. २ ते ३ एचपीचा, १०० लिटरच्या आसपास टाकीचा, प्रत्यक्ष १५० ते २०० लिटर प्रति मिनिट हवा देणारा कॉम्प्रेसर घ्या. लेबलवरचा आकडा पिस्टनच्या मापाचा असतो, मिळणारी हवा त्याहून कमी, म्हणून विक्रेत्याकडून ‘फ्री एअर डिलिव्हरी’ विचारा. मागाच्या आणि गॅरेजच्या धंद्यामुळे दुरुस्तीवाले आणि सुटे भाग अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला मिळतात, तेव्हा परगावाहून चकचकीत ब्रँड मागवण्यापेक्षा इथे ज्याचे व्हॉल्व्ह प्लेट आणि रिंग मिळतात तोच घ्या.

कॉम्प्रेसर खोलीबाहेर, उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीला, सावलीत. पाइप जीआय किंवा कॉम्प्रेस्ड एअरसाठीचा पीयू. प्लंबर पीव्हीसी सुचवेल, स्वस्त पडतो म्हणेल. ठाम नाही म्हणा: पीव्हीसी दाबात आणि उन्हात ठिसूळ होऊन एके दिवशी तुकडे उडवत फुटतो.

पावसाळ्यातलं पाणी बरेच जण हिशेबात धरत नाहीत. ३० अंश आणि ७५ टक्के दमटपणात १५० लिटर प्रति मिनिटवाला कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर दाबलेली हवा गार होताना दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी सुटतं, म्हणजे कपभर. ते टाकीत, पाइपात आणि शेवटी रिव्हेट गनमध्ये किंवा प्रायमरमध्ये जातं. म्हणून मुख्य पाइप थोडा उतरता ठेवा, फाटा खालून नाही तर वरून काढून मग खाली आणा, प्रत्येक फाट्याच्या तळाला ड्रेन कॉक द्या. टाकी रोज काम संपल्यावर रिकामी. रिव्हेट गन आणि ड्रिलच्या फाट्यावर फिल्टर, रेग्युलेटर आणि ऑइलर चालेल. रंगाच्या फाट्यावर ऑइलर अजिबात नको आणि तिथला होजही वेगळा. तेल लागलेला होज रंगाला एकदा वापरला तरी तो थर खराब होतो.

कॉम्प्रेसरला स्वतंत्र लाइन, सी-टाइप एमसीबी, पक्कं अर्थिंग. प्लगांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा सिंगल-फेज मोटर भरलेल्या टाकीच्या दाबाविरुद्ध सुरू होताना गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं. बंद झाल्यावर ‘फुस्स’ करून अनलोडर हवा सोडतो का ते ऐका. तो आवाज येत नसेल तर आधी अनलोडर दुरुस्त करा, मोटरला दोष देऊ नका.

दिवे: १२ बाय २० च्या खोलीला, म्हणजे २२ चौरस मीटरला, ५०० लक्ससाठी सुमारे ११,००० ल्युमेन टेबलावर पोहोचले पाहिजेत. भिंती, धूळ आणि कोन यांत वाया जाणारं धरलं तर १८ ते १९ हजार लागतात. २० वॅटच्या चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेनच्या, म्हणजे नऊ-दहा. दोन रांगा करा, डोक्यामागे नाही तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना. ओरखडा आणि नीट न बसलेला रिव्हेट वरच्या उजेडात दिसत नाहीत, त्यासाठी पत्र्याला जवळजवळ समांतर धरलेली टॉर्च.

ऊन आणि धूळ

ॲल्युमिनियम एक अंशाला मीटरमागे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. साडेतीन मीटरच्या पंखाच्या पत्र्यात आणि आतल्या सांगाड्यात वीस अंशांचा फरक पडला तर दीड मिलिमीटरहून अधिक तफावत. दुपारी उन्हाचा कवडसा पडलेला पत्रा सावलीतल्या स्पारवर (पंखाच्या आतल्या लांब मुख्य तुळईवर) बसवून रिव्हेट केला की संध्याकाळी तो ताणला जातो; उलट झालं की दोन रिबांमध्ये (पंखाच्या आतल्या फासळ्यांमध्ये) पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टपटप करतो. लांब पत्रे एप्रिल-मे मध्ये सकाळी सहा ते दहा या वेळातच लावा, तेही आदल्या रात्री दोन्ही भाग एकाच खोलीत ठेवून. पत्र्याच्या छपराला वरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट आणि एक टर्बो व्हेंटिलेटर एवढ्यानेही मोठा फरक पडतो. थर्माकोलचं फॉल्स सीलिंग करू नका. थिनर आणि ग्राइंडर असलेल्या खोलीवर ते छप्पर धोक्याचं.

कूलर लावा, त्याशिवाय मे मध्ये हात चालणार नाहीत. पण घासलेला, प्राइम न केलेला पत्रा उघडा असेल किंवा प्रायमर ओला असेल तेव्हा तो बंद. भाग धुतल्यावर शेवटचं पाणीही बोअरचं नको, ते क्षारयुक्त असतं. काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी घरालाच पुरत नाही, त्यामुळे शेवटच्या धुण्याला आरओ किंवा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवा. भाग स्वच्छ झाला का हे पाण्यावरच कळतं: ओतलेलं पाणी सलग पातळ पडद्यासारखं पसरलं तर ठीक, थेंब होऊन फाटलं तर तिथे अजून तेल आहे.

टू-पॅक इपॉक्सी प्रायमर सकाळी, वारा सुटायच्या आत, थोडंथोडं कालवून. ऑर्गॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क, साधा कापडी नाही. आयसोसायनेट असलेला पॉलियुरेथेन रंग घरी मारायला घेऊ नये. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. एमईके (पत्रा पुसायचं ज्वलनशील द्रावक) आणि थिनर पत्र्याच्या खोलीत नाही, सावलीतल्या वेगळ्या कपाटात. दारापाशी ६ किलोचं एबीसी अग्निशामक.

हत्यारं आणि सराव

कोणतं किट घेता त्यावर यादी ठरते. आरव्ही-१२ आणि झेनिथमध्ये बहुतेक रिव्हेट एका बाजूने ओढून बसणारे, त्यांना हवेचा पुलर पुरतो आणि एकट्याला काम जमतं. आरव्ही-७ सारख्यात ठोकायचे भरीव रिव्हेट, म्हणजे गन, बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा पोलादी ठोकळा) आणि दुसरा माणूस. क्लेको (रिव्हेट ठोकेपर्यंत भोकात बसवून पत्रे धरून ठेवणारे स्प्रिंगचे चाप) ३/३२ इंची तीन-चारशे, १/८ इंची शंभर-सव्वाशे. इथे काटकसर केली की प्रत्येक दुसऱ्या भोकाऐवजी पाचव्या भोकात क्लेको पडतो, मधला पत्रा फुगतो आणि भोकं सरकतात.

३/३२ रिव्हेटला ४० नंबरचं ड्रिल, म्हणजे २.४९ मिलिमीटर, आणि १/८ ला ३० नंबरचं, ३.२६ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातलं २.५ चालून जातं. ३० नंबरच्या जागी ३ किंवा ३.५ घेऊ नका. एक घट्ट, दुसऱ्यात रिव्हेट डुगडुगतो. लोखंडावर चाललेली कानस ॲल्युमिनियमला लावायची नाही, तिचे लोखंडी कण रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. खुणांना पेन्सिलही नको, शिशातलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियम खातं. बारीक टोकाचा मार्कर. टॉर्क रेंच लहान मापाचा हवा: एएन-३ (३/१६ इंची विमानी) बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. गॅरेजमधल्या मोठ्या रेंचवर हा आकडाच नसतो.

पहिला खरा भाग हातात घेण्याआधी ०.८ मिलिमीटरच्या २०२४-टी३ (विमानासाठीच्या कडक ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या) पत्र्याच्या तुकड्यांवर दोनशे रिव्हेट तरी ठोका. भांड्यांच्या दुकानातला पत्रा मऊ असतो, त्यावर हात बसला असं वाटतं पण बसत नाही. रिव्हेट पत्र्याबाहेर त्याच्या व्यासाच्या दीडपट निघायला हवा. ठोकल्यावर डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच: ३/३२ ला ३.६ मिलिमीटर रुंद, १.२ उंच. दोन-तीन सेकंदांत बसला पाहिजे. कमी दाबाने रेंगाळत ठोकला तर धातू कडक होऊन कडेला चिरतो, म्हणून दाब थोडाथोडा वाढवत तुमच्या गनचा आकडा शोधा आणि रेग्युलेटरवर खूण करा. डोकं एका बाजूला कललं तर बार तिरका धरलेला होता. पत्र्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटली तर गनचा सेट (रिव्हेटवर टेकणारं टोक) तिरका होता. दोन पत्र्यांमध्ये फट राहिली तर भोकाच्या कडेची बर (ड्रिलने उठलेली धारदार कड) काढलेली नाही.

बिघडलेला रिव्हेट काढताना एडी (विमानात नेहमी लागणाऱ्या मिश्रधातूच्या) रिव्हेटच्या डोक्यावरचा बारीक खड्डा कामी येतो. त्यात ४० नंबरचं टोक हाताने फिरवून केंद्र पकडा, फक्त डोक्याच्या जाडीइतकंच खोल जा, पंचाने डोकं तिरकं दाबून तोडा, मागून आधार देऊन दांडा बाहेर ढकला. पूर्ण आरपार ड्रिल केलं की भोक लांबट होतं. एक कललेला पण मापात असलेला रिव्हेट बऱ्याचदा काढण्यापेक्षा राहू देणं शहाणपणाचं. नवखे जितके रिव्हेट वाचवतात त्याहून जास्त भोकं बिघडवतात.

गनचा आवाज बंद खोलीत कान खराब करणारा असतो, दोघांनाही इअरमफ. रहिवासी गल्लीत ठोकण्याचं काम दिवसा उरकून रात्री बर काढणं, डिंपल (सपाट डोक्याच्या रिव्हेटसाठी भोकाभोवती खोलगट दाब देणं) आणि वही ठेवा.

साठवण आणि बाहेर काढणं

पेटी उघडल्याच्या आठवड्यातच यादीप्रमाणे मोजणी पूर्ण करा. कमी भागांची तक्रार करायला कंपन्यांची मुदत असते. पत्रे उभे ठेवा, मध्ये ओला होणारा पुठ्ठा नको. पत्र्यांवरची निळी प्लास्टिक फिल्म ‘ओरखडे नकोत’ म्हणून वर्षानुवर्षं ठेवू नका. इथल्या उन्हात तिचा गोंद भाजून चिकटतो आणि तिच्याखाली धाग्यासारखा गंज पसरतो. भाग कामाला घेतला की काढा.

उंदीर तयार पंखात घर करतात आणि त्यांचं मूत्र ॲल्युमिनियम खातं, तेव्हा प्रत्येक मोठं भोक बारीक जाळीने बंद. कुंभारीण माशी पिटो नळी (वेग मोजणारी नळी) आणि पेट्रोलच्या व्हेंटमध्ये (टाकीच्या हवेच्या नळीत) चिखलाचं घर बांधते. नळी बसवल्या क्षणापासून तोंडाला टोपी आणि टोपीला लाल फीत.

शेवटची गोष्ट जागा घेण्याच्या दिवशीच मोजायची. धड २० फुटी बॉडीच्या आयशरवर जाईल. शटरची रुंदी, गेटचा कोपरा, गल्लीचं वळण आणि दारावरून गेलेल्या वीजतारांची उंची टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. मग ४ फूट रुंद आणि २० फूट लांब बांबूची चौकट करा, चार माणसांनी ती उचलून शेडमधून रस्त्यावर नेऊन पाहावी. चौकट जिथे अडते तिथे भिंत तोडावी लागणार असेल, तर ते काम पंखाचा पहिला पत्रा आत येण्यापूर्वी करून घ्या, कारण गवंड्याचा धुरळा आणि उघडं ॲल्युमिनियम एका खोलीत ठेवता येत नाही.